उठला, पण जागा नाही झाला!

रात्रीची विमानं चालवणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. गाव जागं असतं तेव्हा आम्ही झोपलेलो, मग सांगणार कोणाला? आज सापडलात, तर ऐका!

मी मेडशी गावचा, को-पायलट. आमच्या कॅप्टन सुलभाताई तिथून जवळच्याच किन्हीराजा गावच्या. रेडिओवर इंग्रजी, आपसात वऱ्हाडी.

•

पहिल्याच लांबच्या फ्लाइटला मी फुशारकी मारली, "मॅडम, मले रात्री झोप येतच नाही."

"मंग तुह्यावरच लक्ष ठेवा लागते," त्या म्हणाल्या. "ज्याले येते तो सांगते. ज्याले येत नाही, तो न सांगता डुलकते!"

•

पहाटे तीनला डोळे जड होतातच. तेव्हा आधी ठरवून एकानं सीटवर थोडी डुलकी घ्यायची, दुसऱ्यानं विमान सांभाळायचं. एकदा डुलकी संपताच मी कंट्रोलकडे हात नेला. त्यांनी तो मागे सारला.

"थांब. तू उठला, पण जागा नाही झाला. गावातल्या तुह्या शेजारच्या चार घरांची नावं सांग."

मला तिसरं आठवेना!

"पाह्य! अन् हा विमान चालवाले निंगाला होता!"

•

सुटीत ताई गावी जाऊन झोप भरून काढतात. एकदा भरदुपारी घरामागे सोयाबीनचं थ्रेशर लागलं. त्यांच्या वडिलांनी ते बंद करवलं.

मजूर वैतागले, "काका, काहून बंद केलं? आभाळ भरून राह्यलं!"

"पोरगी झोपली हाय. उद्या तिच्या मांगं तीनशे माणसं बसतीन!"

सोयाबीनवर ताडपत्री टाकून सगळे दोन तास गप्प बसले.

•

एकदा ताईंच्या आई परदेशातल्या मुलाकडून परतत होत्या. लेकीच्या विमानात पहिल्यांदाच! लँडिंग ताईच करणार होत्या. आईंनी आजूबाजूच्या सगळ्यांना ते सांगून ठेवलेलं.

मुंबई जवळ आली. उजाडत होतं. ताई अचानक म्हणाल्या, "लँडिंग तू कर."

"मॅडम, आज? आई बसल्या हायेत!"

"एकच आकडा मले दोनदा वाचा लागला. घे तू."

मी उतरवलं. सगळे प्रवासी गेल्यावर आई दाराशी आल्या. "सुले, काय अलगद उतरवलं बाई!"

"आई, मी नाही. यानं उतरवलं."

मला वाटलं, आई हिरमुसतील. त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "थकली व्हय?"

"हो," ताई म्हणाल्या. "लय."