सखू खुडूक बसली तेव्हा

कोंबड्यांचे किस्से कसे साठत जातात, हे कोंबड्या न पाळणाऱ्याला सांगून पटायचं नाही. लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या आमच्या कॉलनीत मराठी घरं मोजकीच. रविवारी चहाला जमलो की आधी पोस्टिंग, मग मुलांच्या परीक्षा, आणि पोह्यांची दुसरी बशी येईपर्यंत गाडी तात्यांच्या परसातल्या कोंबड्यांवर आलेली असते. माझा नवरा अजित एअर फोर्समध्ये आहे, पण विमानांबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही.

*

कोंबड्या खरं तर सुधाकाकूंच्या. तात्या बँकेतून रिटायर झाले, इथंच घर बांधलं, आणि मागे जागा आहे म्हणून काकूंनी हौसेनं चार गावठी कोंबड्या आणल्या, अगदी पिल्लं असताना. कोंबडा मात्र नाही आणला. शेजाऱ्यांची झोप मोडायला नको, म्हणाल्या.

तात्या कट्टर शाकाहारी. अंडी आम्हा शेजाऱ्यांना. काकू कधी बाहेर गेल्या की अंडी गोळा करायचं काम तात्यांवर यायचं, तेव्हा ते स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन जायचे. मी एकदा म्हटलं, तात्या, सांडशीनं फुटतात हो ती.

"फुटू देत. मी हात तर लावला नाही ना?"

*

मागच्या पावसाळ्यात काकू गेल्या. निखिल, त्यांचा मुलगा, बंगळूरहून आला, सगळं नीट केलं आणि तात्यांना म्हणाला, आता माझ्याकडेच चला. तात्यांनी थंडी संपेपर्यंतची मुदत मागितली. निखिलनं होळीनंतरचं तिकीटच काढून ठेवलं. कोंबड्या आम्ही वाटून घ्यायच्या असं ठरलं.

आम्हाला कोंबड्या हव्या होत्या, पण तात्यांनी जायला नको होतं. त्यांच्याशिवाय ही कॉलनी मला नुसती कल्पनेतही आवडेना. पण मुलगा बोलावतोय, तर मध्ये आपण कोण बोलणार? एक बदल मात्र मी पाहिला. तात्या आता अंडी हातानं उचलायला लागले होते.

*

डिसेंबरात धुकं उतरलं आणि अंडी बंद झाली. तात्यांना वाटलं, काकूंच्या आठवणीनं कोंबड्यांनी मनाला लावून घेतलं. अजितनं समजावलं की तसं काही नसतं, दिवस लहान झाला की कोंबड्यांना उजेड कमी पडतो, मग त्या अंडी देत नाहीत.

तात्यांनी त्यातला 'उजेड' तेवढा उचलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुराड्यावर दिवाळीची सगळी लाइटिंग! लाल, हिरवी, उघडझाप करणारी.

शेजारचे सिद्दीकीसाहेब तासाभरात मिठाईचा डबा घेऊन हजर. "मुबारक हो भाईसाहब! किसकी शादी है?"

अंडी काही आली नाहीत. मिठाई मात्र उत्तम होती.

*

संक्रांतीच्या सुमाराला काकूंची लाडकी सखू खुडूक बसली. म्हणजे अंगाखाली एक अंडं नाही, तरी पिसं फुलवून घरट्यात ठाण मांडून उबवतेय. खाणं नाही, पिणं नाही, जवळ गेलं की चोच. हे सगळं ऐन कडाक्याच्या थंडीत.

सिद्दीकीसाहेबांनी प्रेमानं हात पुढे केला, तर तिनं रक्त काढलं. अस्सल लखनवी माणूस. हाताला रुमाल गुंडाळता गुंडाळता तिलाच विचारतो, "मोहतरमा, हमसे क्या ख़ता हुई?"

मी म्हटलं, आमच्या कराडकडे खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवून काढतात, की येते ताळ्यावर. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ताळ्यावर आले.

"या थंडीत मी स्वतः आंघोळ टाळतोय, वैशाली. तिला कसली घालतेस?"

*

मग तात्यांनी स्वतःच एक उपाय केला, कुणाला न सांगता. थेट गोमती नगरच्या मॉलमध्ये गेले, आयुष्यात पहिल्यांदा अंडी विकत घेतली, तीही सगळ्यात महागडी, आणि सखूखाली ठेवली. सखू खूश. तात्या रोज खुराड्यासमोर खुर्ची टाकून, मफलर गुंडाळून पिल्लांची वाट बघत बसलेले.

मला कळलं ते अंड्यावरचा निळा शिक्का दिसला तेव्हा. आता यातून पिल्लं का निघणार नाहीत, हे वडिलांच्या वयाच्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू? मी अजितला पुढे केलं. तो बराच वेळ घसा खाकरत राहिला.

"तात्या, कसं आहे... या अंड्यांच्या आयांची लग्नं झालेली नव्हती."

तात्यांनी मान डोलावली. म्हणाले, तरीच शिक्का मारलाय.

*

हसलो खूप, पण नंतर हसू येईना. सखू उठायचं नाव घेईना. छातीचं हाड हाताला लागायला लागलं, तुरा फिका पडला. तात्यांचंही जेवण सुटलं. माझ्याकडून डबा जायचा तो अर्धा परत यायचा. सुधाची ही लाडकी तेवढी राहू दे, असं ते एकदा माझ्यासमोर बोलून गेले, आणि मला घरी येऊन रडू आलं.

शेवटी अजितनं हॅचरीतून एका दिवसाची पिल्लं आणली. अंधार पडता पडता शिक्क्याची अंडी काढून घ्यायची आणि पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची. सकाळी तिनं आपली म्हटली तर ठीक, नाहीतर टोचून मारते. सरकवायला मी हात पुढे केला, तर तात्या म्हणाले, मी करतो. एकेक पिल्लू त्यांनी ओंजळीत धरून आत सोडलं. सखूनं त्यांना एकदाही टोचलं नाही.

सकाळी धुक्यातच मी धावत गेले. तात्या खुर्चीत, शालीत गुरफटलेले. आतून सखूचा हलका कुक-कुक आवाज येत होता आणि तिच्या पंखाखालून एक पिवळं डोकं बाहेर डोकावत होतं.

तेवढ्यात निखिलचा फोन आला. तात्यांनी स्पीकर लावला. सामान कधी पॅक करायचं, असं तो विचारत होता.

"जमायचं नाही रे. घरात लहान लेकरं आहेत, थंडीची कुठे हलवू?"

"बाबा, ती कोंबडीची पिल्लं आहेत."

"तू लहान होतास तेव्हाही आम्ही कुठे गेलो नव्हतो."

फोन कट झाला की काय, म्हणून तात्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग निखिल बोलला.

"आई काय घालायची पिल्लांना?"

तात्यांनी तोंड फिरवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"कणी," मी म्हटलं. "भिजवलेली."