गप झालेला पाय

मधुमेह झालेल्यांच्या पायांची काळजी कशी घ्यावी, हे गावोगावच्या आशा सेविकांना मोबाइलवरून शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचा मी मराठी मास्तर. डॉक्टर नव्हे, धडे भाषांतरित करायचे आणि उत्तरं तपासायची, एवढंच. ज्याची जाणीव गेली आहे अशा पायाला मी दिमाखात 'असंवेदनशील पाऊल' लिहून मोकळा झालो. पहिल्याच ऑनलाइन वर्गात पडद्यावरच्या एका चौकोनातून, जिथे फक्त छताचा पंखा दिसत होता, आवाज आला, "सर, पाय कसा असंवेदनशील असंल? तो काय सरकारी हापीस हाय?"

सगळे चौकोन खिदळले. पंखा पुढे म्हणाला, "आमी त्याला गप झालेला पाय म्हनतो. दुखनं थांबलं की लोकं खूश होतात. तितंच फसतात."

त्या तळवलीच्या वनिताताई. मी निमूटपणे धडा बदलला.

पुढे एकदा त्यांच्याबरोबर गावात फिरलो. घरात शिरल्या की पाय नंतर, आधी चप्पल मागायच्या. ती उलटी करून आपटायच्या, मग आतून हात फिरवायच्या. "मानूस लाजंनं खोटं बोलंल, चप्पल नाय बोलनार." तीन मजली चाळीचे मालक असलेले एक काका म्हणाले, "मला काय धाड भरलीय? मस्त चालतोय." त्यांच्या चपलेतून खिळ्याचं टोक वर आलेलं निघालं. वनिताताई म्हणाल्या, "काका, चपलेत भाडेकरू ठेवलाय, नि तुमालाच पत्ता नाय!"

मधल्या परीक्षेत तपासलेल्या एका तळव्याचा फोटो पाठवायचा होता. वनिताताईंचा फोटो पहिला आला. अंगठ्याखाली काळपट जखम, उजेड स्वच्छ, शेजारी मोजपट्टी. सगळं धड्यात सांगितल्याबरहुकूम. मी हरखलो. 'उत्तम उदाहरण! दहापैकी दहा,' असं लिहून फोटो ग्रुपवर सगळ्यांना दाखवलासुद्धा.

मग महिनाभर पंख्याचा चौकोन दिसेना. फोन केला तर मुलीने उचलला. आई हॉस्पिटलात होती. मी आणि बायको भेटायला गेलो. चादर एका बाजूला घोट्याच्या पुढे सपाट होती.

"तो फोटो... तुमचाच पाय होता?"

"मंग कोनाचा?" त्या हसल्या. "साखर मला कधीची हाय. दुखत नव्हता, म्हटलं आधी घरं उरकून घेते. फोटो धाडला तवा वाटलं, सर इचारतील, कोनाचा पाय म्हनून. तर तुमी पैकीच्या पैकी दिलंत."

माझा चेहरा बघून त्यांनीच मला समजावलं. "टेन्शन नका घेऊ, सर. समदं ठावं तर मलापन होतं." मग खाटेखाली बघत म्हणाल्या, "आता एकच चप्पल झटकायची."

रिक्षाने परतताना नेरूळ मागे पडलं. सीवूड्सच्या वळणावर बायको म्हणाली, "अहो, तुमचा तो पहिला शब्द, 'असंवेदनशील', बरोबरच होता. फक्त पायाला लावायचा नव्हता."