सुताराचं कपाळ

लग्न होऊन शहागंजात आले, त्याच वर्षी मी एका सुतार पक्ष्याला विधुर ठरवून त्याच्यासाठी रडले. पोलीस ॲक्शन नुकतीच झालेली. माणसांची दुःखं काय कमी होती? पण मला पाखराचं पडलेलं!

समोरच्या कडुनिंबावर जोडी होती. एकाचं डोकं कपाळापासून तुऱ्यापर्यंत लालभडक. म्हटलं, एवढं कुंकू, म्हणजे ही बायको. मग ती दिसेनाशी झाली. काळ्या कपाळाचा दुसरा एकटाच फिरायचा.

शेजारच्या सुलताना आपांनी मला गच्चीवर डोळे पुसताना पकडलं. कारण ऐकून त्यांच्या हातातली सुईच पडली.

"पगली, कुंकू तुम्हा बायकांचं. सुतारात लाल कपाळ नराचं. मादीच्या काळ्या कपाळावर पांढरे ठिपके, लाल फक्त मागचा तुरा. ही एकटी फिरते ती बायकोच हाय. मियाँ ढोलीत अंडी उबवत बसलेत. आधी कपाळ बघ, मग रड!"

आपा कशिदा काढायच्या. ओढणीवर तोच सुतार उतरत होता. मी म्हटलं, "कंबरपण सोनेरी करा ना, छान दिसेल."

"याची पाठ सोनेरी, कंबर काळी. तुझ्या हौसेपायी त्याचं खानदान बदलू व्हय?"

निजामाचं राज्य गेलं तशी त्यांच्या मियाँची नोकरीही गेली. ते काम शोधायला हैदराबादला गेले होते. "बोलावतील तवा बघू," आपा म्हणायच्या. मी रोज मारुतीला सांगायची, त्यांना काम मिळू देऊ नको. काय पण मैत्रीण!

मारुतीनं माझं ऐकलं नाही.

तो निंब कधीच गेला. आजही कुठं सुताराची ती खिदळल्यासारखी हाक आली की माझा हात भाकरीवरच थांबतो. नातवंडं म्हणतात, आजी, करपली. करपू दे.

आपा हैदराबादला निघाल्या त्या दिवशी टांगा दाराशी आला. आपांनी नकाब वर केला. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी झाडाकडं बोट केलं. "आपा, लाल कपाळ! मियाँ आलेत तुम्हाला निरोप द्यायला."

त्यांनी वर पाहिलं. मग ओढणीचं ते सुतार काढलेलं टोक माझ्या हातात कोंबलं.

"झाडावर कुणीच नाय, पगली. आधी डोळे पूस, मग कपाळ बघ."