उलटं खोकं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली. सांगण्यासारखे प्रसंग आले, नाही असं नाही, पण दर वेळी मी चहा मागवला आणि भलतंच काहीतरी बोलत बसलो. आता थकलोय. लपवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता माझ्यात नाही.

वडनेर भोलजीत माझं औषधांचं दुकान आहे. कोणतं औषध किती खपेल, कधी मागवायचं, हे मी कधी कॉम्प्युटरला विचारलं नाही. थंडीत दम्याचं, कापसाच्या फवारणीत डोळ्यांचे थेंब, लग्नसराईत पोटाचं. माणूस पायरी चढला की त्याच्या घरी किती गोळ्या उरल्यात ते मला कळायचं. गाव म्हणायचं, काकाचा अंदाज चुकत नाही. तेच तेच किती वेळा ऐकावं? मला मात्र दर वेळी नवंच वाटायचं.

दुकानात एक रीत होती, माझीच. माल संपत आला की त्याचं खोकं फळीवर उलटं ठेवायचं. संध्याकाळी मी उलटी खोकी बघत फिरायचो आणि खामगावच्या होलसेलवाल्याला फोन करायचो. खोकं सरळ असलं की त्याच्याकडे बघायचंच नाही.

काउंटरवर वंदना असायची. गावातलीच, डी.फार्म. झालेली. हुशार. माझ्यापेक्षा हुशार — हे लिहायला मला एवढा वेळ का लागावा? ती डॉक्टरची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मी वरचं नाव बघितलं की हात फळीकडे.

आणि मंगलाबाई. बसस्टँडवर भजी तळायच्या. त्यांना मिरगीचा त्रास, रोजची गोळी. ती गोळी गावात त्या एकट्याच घ्यायच्या, म्हणून आम्ही मोजकीच ठेवायचो.

त्या दिवशी वंदना बहिणीच्या बाळंतपणासाठी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर निघाली. घाईत होती, बाहेर ऑटो उभा. ती गेल्यावर माझं लक्ष गेलं — मिरगीच्या गोळ्यांचं खोकं उलटं. आत पाहिलं तर चांगल्या तीन पट्ट्या. तीस गोळ्या, रोजची एक, म्हणजे महिना. मला हसू आलं. हसू कसलं, राग आला. कालची पोर मला शिकवणार, कधी मागवायचं ते?

मी खोकं सरळ केलं.

मंगलाबाईंचा डोस त्याच आठवड्यात दुप्पट झाला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं. वंदनानं वाचलं होतं. त्यांचा नवरा एक पट्टी घेऊन गेला, पाच दिवसांनी दुसरी, पुन्हा पाच दिवसांनी तिसरी. तिन्ही मी माझ्या हातानं दिल्या. फोनवर बोलत दिल्या. पुढच्या खेपेला खोकं रिकामं निघालं. खामगावलाही गोळी नव्हती. उद्या येते, म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. नांदुऱ्याला जाऊन बघा, एवढं तरी सांगायला काय झालं होतं मला? तिसऱ्या दिवशी मंगलाबाईंना कढईसमोर उभ्या उभ्या फिट आली. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या तेलात गेला.

वंदना परतली त्याच सकाळी मंगलाबाईंचा नवरा दुकानात आला. गोळी का नव्हती, एवढंच विचारत होता. ओरडतही नव्हता. सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. वंदना म्हणाली, "काका, म्या जाताना खोकं उलटं करून ठेवलं होतं. डोस डबल झाला होता ना मंगलाताईचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. किती वेळ लागला असेल मला? एक श्वास. तेवढ्यात खरं बोलता आलं असतं.

"नाही बाई," मी म्हणालो, "खोकं सरळच होतं. मी पाह्यलं ना."

माझा अंदाज कधी चुकत नसे — मग शंका तरी कोण घेणार?

मंगलाबाईंची बोटं आजही मिटत नाहीत. भज्यांचा गाडा बंद झाला. गोळ्या अजून माझ्याकडूनच नेतात. वंदनानं त्याच महिन्यात काम सोडलं. औषधाला हात लावायची भीती वाटते, म्हणाली. संग्रामपूरला साडीच्या दुकानात असते, असं ऐकतो. मी कधी गेलो नाही.

शेवटच्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले. त्या सकाळची एकूण एक गोष्ट तिनं मनात पुन्हा पुन्हा तपासली असणार, आणि शेवटी स्वतःवरचा विश्वास सोडून माझ्यावर ठेवला असणार.

"घाईत राह्यलंच असन, काका," ती म्हणाली. "माह्याच हातून झालं. मले माफ करजा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि तिला माफ केलं.