हद्दीच्या दगडापलीकडे

हे गेल्यावर महिन्याभराने मी दुकानाची एकच फळी काढली. नवरा गेलेल्या बाईने एवढ्यात दुकान उघडावे का, यावर महाडच्या पेठेत बोलणे झालेच. होऊ दे.

शिवणयंत्रांच्या एका विलायती कंपनीची एजन्सी यांच्याकडे होती. कंपनीने ती काढून दुसऱ्याला दिली. करारात कलम होते, की एजन्सी संपल्यावर तीन वर्षे यांनी महाडसह सगळ्या कुलाबा जिल्ह्यात कोणाचेही शिवणयंत्र विकायचे नाही, दुरुस्तही करायचे नाही. यांना दुसरे काही येत नव्हते.

नवा एजंट फक्त नवी यंत्रे विकी. पोलादपूरकडच्या वाड्यांवर मुलांनी मुंबईहून आणलेल्या जुन्या हातयंत्रांना तो हात लावत नसे. माणसे ती घेऊन आमच्याच दारात येत. हे त्यांना करारातले कलम सांगत. एकदा एका म्हाताऱ्याने विचारले, "दादा, ह्यो जिल्हा संपतो कुठं?"

"आंबेनळी घाटात. हद्दीचा दगड आहे."

"मग आमी तिकडं येतो. तुमी या म्हंजे झालं."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे मोटारीने घाटात जाऊ लागलो. दगडापलीकडे, सातारच्या मातीत, हे घोंगडी टाकून बसत. माणसे डोक्यावर यंत्रे घेऊन चढून येत. यांची नजर अधू झाली, तशी बारीक कामे माझ्या हाती आली.

एकदा एजंट तिथवर आला. "हा कराराचा भंग आहे."

"तुम्ही कुलाब्यात उभे आहात," हे म्हणाले. "मी साताऱ्यात बसलोय."

म्हातारा म्हणाला, "सायेब, दगडाच्या ह्या अंगाला या. तिकडं दादांनी पानी दिलं, तर तेबी कलमात यायचं."

घाटातला वारा यांच्या छातीला बाधला. औषधे झाली, घाट सुटला नाही. कलमाची मुदत संपण्याआधी हे संपले.

मी फळी काढली त्या दिवशी एजंट आला. समाचाराचे दोन शब्द बोलून म्हणाला, "वहिनी, मुदत अजून बाकी आहे."

"करारावर सही कोणाची?"

"त्यांची."

"मग त्यांना विचारा. मी कोणाला काही लिहून दिलेलं नाही."

तो दारातून हलला नाही. त्याच्या मागे वाडीवरची एक बाई डोक्यावर यंत्र घेऊन खोळंबली होती.

"बाय, आता घाट नाय ना चढायचा?"

"नाही," मी म्हटले, आणि दुसरी फळी काढली.