तिसऱ्या मजल्यावरचा कारखाना

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दारावर थाप पडली. मापवालीच्या हातात पट्टी, दातांत पेन्सिल. अख्खी इमारत तिला मापवालीच म्हणायची. कुणी फोनवर मापं कळवली, की ती कपड्याचा बेत, म्हणजे कापायचा नमुना, कॉम्प्युटरवर आखून धाडायची. घेणारी तो छापून, कापडावर ठेवून कापायची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार वर्षं हा उद्योग बरा चालला होता.

दारात एक पाहणीवाल्या बाई. गळ्यात सरकारी ओळखपत्र. "अग्निशमन साहित्याचा कारखाना इथेच ना?"

मापवालीला आपल्या उद्योगाच्या नोंदणीचा घोळ आठवला. नोंदणीचा ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांत पुरा झाला नाही, तर भरलेलं सगळं पुसलं जायचं. एकदा दूध उतू गेलं म्हणून पुसलं गेलं, एकदा सासूबाईंना चक्कर आली म्हणून. तिसऱ्या खेपेला उद्योगांच्या लांबलचक यादीतलं पहिलंच नाव दाबून ती मोकळी झाली. आता खोट्या माहितीपायी नोंदणी गेली, तर दुकानच बंद.

"कारखाना?" सासूबाई आतून म्हणाल्या. "आमच्याकडे आग विझवायला एक बादली आहे. तीही गळकी."

मापवालीने खरं काय ते सांगून टाकलं. बाई खुर्चीत टेकल्या आणि त्यांना हसू आवरेना.

"ताई, आमच्या कागदांवर या भागात आग विझवण्याचे एकेचाळीस उद्योग आहेत. आज तुमचं सातवं दार. कुठे केक निघाला, कुठे गाण्याची शिकवणी. पंप काही अजून दिसला नाही. आणि आमचे साहेब खूश, म्हणे या भागाने काय झेप घेतलीय."

"मग माझी नोंदणी?"

"राहील की. उद्योगाचं नाव इथेच बदलते. मी चुका धरायला नाही आले. तुमचं घोडं कुठे अडतं, तेच विचारत फिरतेय."

मापवालीचा जीव भांड्यात पडला. तिने गॅस बंद केला, पेन्सिल अंबाड्यात खोचली. सासूबाईंनी कप पुढे केला. "घ्या, कारखान्यातला चहा."

"बोला आता," बाई म्हणाल्या. "कर्ज हवं, प्रशिक्षण हवं, की वेगवान इंटरनेट? नवा अहवाल लिहितोय आम्ही, काहीही मागा."

मापवालीने थंड होत आलेल्या कुकरकडे पाहिलं.

"अर्धा भरलेला अर्ज तसाच राहू द्या. दूध उतरवून आलं, की सोडला तिथून पुढे भरता यावा. एवढंच करा."