खाडीच्या आईचा फोटो

कोपर स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या काठाला, एका पडक्या देवळाचं जोतं आहे. कळस, भिंती कधीच मातीला मिळाल्या. जोत्यावर एक उभा दगड तेवढा उरला होता, आणि त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा हातभर जाड थर. कोळीवाड्यात तिला खाडीची आई म्हणत. आई रिकामी कूस भरते अशी ख्याती होती, आणि त्या ख्यातीचा चालताबोलता पुरावा म्हणजे आवडाबाई.

लग्नानंतर कित्येक वर्षं आवडाबाईला मूल नव्हतं. सासू तिला हळदीच्या मांडवात पाऊल टाकू देत नसे. "भायेर बस, नवरीवर सावली नको पारू," असं चारचौघींत सांगे. आवडाबाईने दर अमावास्येला आईला शेंदूर चढवला आणि अखेर मुलगा झाला, दर्शन. त्या दिवसापासून वाड्यात कुणाचंही लग्न असो, नवरीला पहिली हळद आवडाबाईच्या हातची.

एवढं सोसलेली बाई सुनेशी मायेने वागेल असं कुणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. दर्शनची बायको मनाली, तिचीही कूस उजवली नव्हती. दर अमावास्येला आवडाबाई तिला दंडाला धरून आईपुढे नेई, डोकं टेकायला लावी, आणि परतताना आयाबायांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "मना दिला आईनं. हिला नाय देत. मग खोट कुनाची, तुमीच सांगा."

मनाली खाली मान घालून चाले. तिने उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

डोंबिवलीचा साकेत सुट्टीच्या दिवशी जुन्या देवळांचे अवशेष शोधत, फोटो काढत हिंडे. हे जोतं त्याला सापडलं आणि तो पुन्हा पुन्हा येऊ लागला. आवडाबाई त्याला चहा देई, आईचा महिमा सांगे.

"मावशी, या शेंदराखाली नक्की काहीतरी कोरलंय. बघायला मिळालं असतं तर!"

"नाय रे बाबा. कवच आपसूक सुटतं. तवा डोले मिटून वर कापड टाकाचा नि कवच खाडीत सोराचा. उघरी आई कोनी बघत नाय."

असं म्हणाली खरी, पण तिच्या मनात किडा वळवळू लागला. आईची जत्रा जवळ आली होती. आईचं मुख आपल्याच घरात काचेत लागलं, तर सगळा वाडा आपल्या उंबऱ्याशी येईल.

"मोठा फोटो काढून देशील? फ्रेमवाला?"

"देईन की, मावशी."

एका दुपारी तिने शेंदराच्या भेगांत गरम तेल ओतलं आणि कोयत्याचं टोक घालून कवच उचकटलं. तेलाचं पातेलं मनालीने धरलं होतं. कवच खाली पडलं. आत मुख नव्हतं. वर चंद्रसूर्य, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या ओळी, आणि खाली एक आडवी बाई, तिच्यावर चढलेलं गाढव.

साकेत ओरडलाच. "गद्धेगळ! मावशी, गद्धेगळ आहे हा!" डोळ्यापुढचा कॅमेरा न काढता तो सांगत सुटला. कुण्या राजाने जमीन दान दिली. ती जो बळकावेल, त्याच्या आईची ही गत होईल. "शिवी आहे हो, दगडात कोरलेली शिवी! आणि तुम्ही तिची ओटी भरताय!"

आवडाबाईने पदर दगडावर टाकला.

"जरा बाजूला करा ना. ऊन मस्त पडलंय."

"कोनाला दाखवू नको रे."

"नाही, नाही," तो म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं. संध्याकाळपर्यंत फोटो वाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. कडेला आवडाबाईही होती, हातात कोयता, तोंड उघडं.

त्याच आठवड्यात शेजारच्या मेघालीची हळद होती. आवडाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ताट घेऊन निघाली. मांडवाच्या तोंडाशी पोरं गाढवासारखी ओरडली. मेघालीची आई कलावती लगबगीने पुढे आली.

"आवराबाय, दमली असशील गो. भायेर बस. वारा हाय."

तिने खुर्चीही दिली. आतून एका बाईचा आवाज आला, "आईनं दिला, आईनं दिला बोलते. मंग दर्शनचा बापूस कोन गो?" सगळा मांडव हसला. दर्शन आतच होता. तो मागच्या बाजूने निघून गेला.

जत्रेच्या आदल्या दिवशी साकेत कबूल केल्याप्रमाणे फ्रेम घेऊन आला. फोटो सुरेख होता. गाढवाचा कान न्‌ कान दिसत होता. मनालीने त्याला चहा केला, फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर लावली आणि काचेला कुंकू लावलं.

"सरळ हाय का बघा, आई."

"कार तो खाली."

"असं कसं, मावशी? तुम्हीच मागितलात ना?"

अमावास्येला मनालीने दार सताड उघडलं. ओट्यावर बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. तिने सासूला दंडाला धरून भिंतीपाशी आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "टेका डोकं. तुम्हाला दिलाय आईनं. मना नाय दिला."

आवडाबाईने दर्शनकडे पाहिलं. तो ताटात मान घालून जेवत होता.

तिने डोकं टेकलं.